ढिगाऱ्याचा कानोसा

केतकी रेगेला सतरा गुंतवणूकदारांनी नकार दिला होता, आणि सतराही जणांनी तो अगदी गोड शब्दांत दिला होता. लंडनमध्ये नकार असाच देतात. चहा विचारतात, कामाची तोंडभरून तारीफ करतात, लिफ्टपर्यंत सोडायला येतात. आणि लिफ्ट खाली पोहोचेपर्यंत तुमच्या लक्षात येतं की हाती काहीच लागलेलं नाही. सतराव्याने निदान कारण तरी दिलं. तो म्हणाला, "मिस रेगे, यंत्र उत्तम आहे. पण न झालेल्या अपघाताचं बिल फाडायचं कुणाच्या नावावर?"

केतकी चौतीस वर्षांची होती. जन्म स्वान्झीचा, शिक्षण कार्डिफचं, पासपोर्ट ब्रिटिश. पण चिडली की तोंडातून निघे ती थेट मालवणची मराठी, कारण वडील तिथले. मातीच्या भौतिकीवर विद्यापीठात शिकवण्याची चांगली कायमची नोकरी सोडून तिने तीन वर्षांपूर्वी कंपनी काढली होती. कंपनीचं नाव 'कानोसा'. ते बाबांनी सुचवलेलं. लंडनच्या लोकांना ते इटलीतल्या एखाद्या गावाचं नाव वाटे. तिने कुणाची समजूत दुरुस्त केली नाही.

कंपनीत माणसं दोनच. दुसरे एमरिस पॉवेल, वय त्रेसष्ट. दक्षिण वेल्समधल्या कुमहेलिग गावचे. वडील-आजोबा कोळशाच्या खाणीत, स्वतः एमरिस आयुष्यभर त्या खाणींनी मागे ठेवलेल्या ढिगाऱ्यांची देखरेख करणारे. निवृत्त झाल्यावर केतकीने त्यांना विचारलं आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी चिखलाचे बूट घालून हजेरी लावली. कुमहेलिगच्या जुन्या शाळेची एक खोली हे त्यांचं ऑफिस होतं.

ते ढिगारे म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. खाणीतून कोळसा वर यायचा तेव्हा त्याच्यासोबत दुप्पट-तिप्पट टाकाऊ दगडमाती यायची. ती शंभर-दीडशे वर्षं गावांच्या वरच्या डोंगरउतारांवर ओतली गेली. खाणी बंद पडल्या, ढिगाऱ्यांवर गवत आलं, मेंढ्या चरू लागल्या. वरून बघणाऱ्याला हिरवी टेकडीच दिसते. वेल्समध्ये अशा टेकड्या दोन हजारांहून जास्त. १९६६ साली त्यातली एक पाण्याने सुटली आणि शाळेवर आली. शंभराहून अधिक मुलं गेली. त्या खोऱ्यांतली माणसं आजही जोराचा पाऊस लागला की खिडकीशी उभी राहतात. आणि आता २०३९ साली पाऊस पूर्वीपेक्षा कितीतरी जोराचा झाला होता.

केतकीचं म्हणणं साधं होतं: ढिगारा घसरण्याआधी बोलतो. पाणी आत शिरतं, मातीच्या कणांना एकमेकांपासून किंचित उचलतं, त्यांची पकड ढिली होते. मग कण कणावर घासतो आणि त्याचा आवाज होतो, माणसाच्या कानाला कधीच न पोहोचणारा. तो टिपायला तिने काचेची तार वापरली, केसाएवढी बारीक. तार ढिगाऱ्यात पुरायची आणि तिच्यातून प्रकाशाचे ठोके सोडत राहायचं. प्रत्येक ठोक्यातला थोडा प्रकाश काचेतल्या कणाकणावरून माघारी येतो. तार कुठे जराशी जरी ताणली गेली, तरी त्या परतीच्या प्रकाशात फरक पडतो, आणि यायला लागलेल्या वेळावरून जागाही कळते. मैलभर तार म्हणजे मैलभर लांबीचा कान.

इथवरची विद्या जुनीच होती. तिचा स्वतःचा शोध पुढचा. मेंढ्यांचे खूर, वारा, दूरची रेल्वे या सगळ्या गलबल्यातून कणांची घासण तिने वेगळी काढली होती, आणि तिच्या लक्षात आलं होतं की घसरण जवळ येते तसं दोन घासण्यांमधलं अंतर एका ठरावीक प्रमाणात कमी होत जातं. ते प्रमाण सापडलं की नुसता धोका नव्हे, धोक्याचा महिनाही सांगता येत होता.

एप्रिलमध्ये ते सिद्ध झालं. शेजारच्या खोऱ्यातल्या ओसाड ढिगाऱ्याबद्दल केतकीने स्थानिक कौन्सिलला लेखी कळवलं होतं की नऊ दिवसांच्या आत त्याचा पूर्वेकडचा भाग खाली येईल. सातव्या दिवशी तो आला. खाली फक्त एक पडकं कुंपण होतं. बातमी छापून आली, आणि अठराव्या गुंतवणूकदाराने स्वतःहून फोन केला.

तो एका बड्या विमा गटाचा निधी होता, आणि त्याच्या वतीने बोलणाऱ्या बाईंचं नाव इमोजेन व्हाइटलॉ. पन्नाशीच्या, नेमकं बोलणाऱ्या. त्या कुमहेलिगला स्वतः आल्या, एमरिसचे जादा बूट घालून ढिगाऱ्यावर चढल्या आणि योग्य ते सगळे प्रश्न विचारले. केतकीला त्या आवडल्या.

"पाच वर्षांचा पूर्ण खर्च आमचा," खाली उतरल्यावर इमोजेन म्हणाल्या. "तीनशे ढिगाऱ्यांवर तारा. तुम्हाला वीस माणसं नेमता येतील. कंपनीवर तुमचाच ताबा राहील. अट एकच. तातडीचा धोका असेल तर सरकारला लगेच कळवा, तो कायदाच आहे. पण लांबचे अंदाज, म्हणजे कुठला ढिगारा वर्षा-दोन वर्षांत हलेल, ते आधी आम्हाला. तीस दिवस फक्त आम्हाला. त्यानंतर जगाला सांगा."

"तीस दिवसच कशाला?"

"आधी कळण्यालाच किंमत असते, केतकी. नंतर तर सगळ्यांनाच कळतं."

तीन वर्षांत पहिल्यांदा केतकी त्या रात्री शांत झोपली. सह्या जूनच्या दुसऱ्या गुरुवारी करायचं ठरलं.

सह्यांच्या आधीच्या सोमवारी सकाळी ती ऑफिसात आली तेव्हा एमरिस पडद्यासमोर उभे होते. कोट अंगातच होता.

"आपल्या मागचा ढिगारा," ते म्हणाले. "आपण शून्य धरतो तो."

शाळेच्या मागचा ढिगारा सरकारी यादीत सगळ्यात सुरक्षित वर्गातला होता. म्हणून केतकीने पहिली तार तिथे टाकली होती आणि तिथली शांतता हेच आपलं माप धरलं होतं. बाकी सगळे आवाज त्या शांततेच्या तुलनेत मोजले जात. गेल्या आठवड्यात एमरिसनी सहज म्हणून खालच्या पक्क्या खडकात एक नवी तार घातली होती. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या, तर शून्य हे शून्य नव्हतंच. ढिगारा तीन वर्षं कुजबुजत होता आणि त्यांनी त्या कुजबुजीलाच शांतता म्हटलं होतं.

केतकीने खुर्ची ओढली. दुपारपर्यंत तिने तेच गणित चार वाटांनी केलं. ताशी चाळीस घासण्या, आणि अंतर कमी होत चाललेलं. येत्या हिवाळ्यात, जानेवारी ते मार्च. खाली दोन गल्ल्या, एकसष्ट घरं.

"परत मोज," एमरिस म्हणाले.

"चारदा मोजलं."

एमरिस खिडकीपाशी गेले. पहिल्या गल्लीतलं निळ्या दाराचं घर त्यांचं होतं. ते विकायचं ठरलं होतं; मुलगी ब्रिस्टलला, तिला जुळी झालेली, आणि नेरिसला, त्यांच्या बायकोला, नातवंडांजवळ जायचं होतं. ताटं-कपबशा वर्तमानपत्रांत गुंडाळून खोक्यांत गेल्या होत्या. घेणारं जोडपं तरुण होतं, त्यातली मुलगी इस्पितळात नर्स. व्यवहार वीस तारखेला पुरा होणार होता.

त्यांच्या मनात काय चाललंय ते केतकीला कळलं, कारण तेच तिच्याही मनात आलं होतं. तीस दिवस गप्प राहिलं तर घर विकलं जाईल. कंपनीही उभी राहील. आणि अटीप्रमाणे गप्प राहणं हेच तर बरोबर ठरेल!

तिने इमोजेनना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"तातडीचा धोका आहे का?" इमोजेननी विचारलं.

"तातडीचा नाही. सात-आठ महिने आहेत."

"मग गुरुवारपर्यंत कुणाशी बोलू नका. गुरुवारनंतर तीस दिवस आमचे. आठ महिन्यांतला एक गेला तर कुणाचं काय बिघडतं?"

"त्या एका महिन्यात तुम्ही या एकसष्ट घरांचे विमे बंद कराल."

"नूतनीकरण करणार नाही," इमोजेन म्हणाल्या. "मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. हा धंदा आहे, केतकी. तुमचाही धंदाच आहे. ही एकसष्ट घरं की पुढची तीनशे गावं, याचा विचार करा. पैशाशिवाय तुम्ही त्या तीनशे गावांपर्यंत पोहोचणार कशा?"

प्रश्न खरा होता, म्हणूनच तो बोचला.

केतकी त्या संध्याकाळी स्वान्झीला गेली. बाबांनी बांगड्याचं तिखलं केलं होतं. भालचंद्र रेगे चाळीस वर्षं हाडांचे डॉक्टर होते. मासे आणि माणसं दोन्ही त्यांना काट्यापासून कळत. तिने जेवता जेवता सगळं सांगितलं.

"गुरुवारी सही केली नाही तर कंपनी ऑगस्टमध्ये बंद, बाबा. आणि गावाला सांगितलं तर ती माणसं माझ्या नावाने खडे फोडणार. घरं विकता येणार नाहीत, विमा मिळणार नाही. मी त्यांना नेमकं देणार काय? वाईट बातमी!"

"एक सांग. पेशंट आला, मी एक्स-रे काढला, हाड मोडलंय म्हणून त्याला दाखवलं, आणि म्हटलं, जा आता घरी. तर त्याने मला काय म्हणावं?"

"मी प्लास्टर घालत नाही ना बाबा. मी फक्त ऐकते."

"कोणी सांगितलं, फक्त ऐकायचं म्हणून? तूच ठरवलंस ना?" त्यांनी तिच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. "गरम आहे तोवर खा."

ती जेवली, पण त्या वाक्याने तिची पाठ सोडली नाही. ढिगारा घासतो पाण्यामुळे. पाणी कुठे आहे ते तारेला इंचाइंचाने कळतं. मग पाणी काढलं तर? आजवर ढिगाऱ्यांत भोकं पाडून पाणी काढत नव्हते असं नाही, पण ते अंदाजाने. आंधळ्याने दगड मारावा तसं. नेमकं कुठे भोक पाडायचं आणि पाडल्यावर ढिगारा गप्प झाला की नाही, हे सांगणारं आजवर काहीच नव्हतं.

मंगळवारी सकाळी ती एमरिससमोर बसली. "घराचा निर्णय तुमचा आहे. मी गावाला उद्या सांगणार. पण तुम्ही नको म्हणालात तर आधी तुमच्याशी भांडेन, मग सांगेन."

एमरिस हसले नाहीत. "नर्सबाईंना काल रात्रीच फोन केला मी. घर घेऊ नका म्हणून सांगितलं. कारण नाही सांगितलं, ते तू सांग." मग बूट घालता घालता ते म्हणाले, "नेरिस माझ्याशी बोलत नाहीये. तुझ्याशी बोलेल, पण ते तुला आवडणार नाही."

बुधवारी संध्याकाळी खाणकामगारांच्या जुन्या सभागृहात दीडशे माणसं जमली. केतकीने काहीही लपवलं नाही: महिना, घरांचे नंबर, स्वतःची तीन वर्षांची चूक. मग गलका झाला. कुणी म्हणालं, तुझ्या यंत्राने आमची घरं कवडीमोल केली. कुणी म्हणालं, लंडनच्या लोकांशी काय सौदा झालाय तो सांग. तिने तोही सांगितला, अटीसकट.

नेरिस पॉवेल मधल्या रांगेतून उभ्या राहिल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, गावातल्या टपाल कचेरीत तीस वर्षं काढलेल्या बाई. "तीन वर्षं तू माझ्या स्वयंपाकघरात जेवलीस," त्या म्हणाल्या. "माझी नातवंडं ब्रिस्टलला आहेत आणि मी आता इथे अडकले. तू आली नसतीस तर मला हे कधी कळलंच नसतं."

"नसतं कळलं," केतकी म्हणाली. "आणि मार्चमध्ये त्या घरात ती नर्स असती."

नेरिस खाली बसल्या. गलका थांबला नाही, पण त्याचा सूर बदलला. मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "बरं, आता करायचं काय?"

तेव्हा केतकीने प्लास्टरचं सांगितलं.

गुरुवारी सकाळी इमोजेनचं दोन ओळींचं पत्र आलं. निधी माघार घेत होता.

पुढे जे घडलं त्याचं श्रेय केतकी स्वतःकडे कधीच घेत नाही. वेल्सच्या या खोऱ्यांत सरकारी दवाखाने यायच्या आधी खाणकामगार दर आठवड्याला पगारातून थोडंथोडं काढून स्वतःचा डॉक्टर ठेवत. ती सवय रक्तातून गेली नव्हती. गावाने 'कानोसा'साठी सहकारी भाग, म्हणजे शेअर, काढायचं ठरवलं. कुमहेलिगने घेतले, मग खालच्या गावांनी, मग लंडन-मँचेस्टरला गेलेल्या त्यांच्या मुलांनी. स्वान्झीच्या एका निवृत्त डॉक्टरानेही घेतले, मुलीला न सांगता. कौन्सिलने ड्रिलिंगचं यंत्र आणि दोन अभियंते दिले. कंपनी ऑगस्टमध्ये बंद पडायची होती. ऑगस्टमध्ये तिच्यात सहा माणसं झाली. भागधारकांनी नियम एकच घातला: जे कळेल ते त्याच दिवशी सगळ्यांना.

भोकं कुठे पाडायची हे तारेने सांगितलं. घासण्यांचा नकाशा काढला तर सगळ्यात जास्त आवाज एका वाकड्या रेषेत येत होता, डोंगराच्या खांद्यापासून शाळेच्या कुंपणापर्यंत. केतकीला ती रेष समजेना. एमरिसनी नकाशावर त्या रेषेवरून बोट फिरवलं.

"हा ओढा आहे," ते शेवटी म्हणाले. "वाहता झरा होता इथे, माझे आजोबा सांगायचे. त्याच्यावरच दगडमाती ओतली त्यांनी. तो आटला असं सगळे समजत होते."

झरा आटला नव्हता. नव्वद वर्षं तो ढिगाऱ्याखालून वाट शोधत होता. सप्टेंबरमध्ये त्या रेषेवर आडवी भोकं पाडली, तेव्हा अकराव्या भोकातून काळं पाणी मनगटाएवढ्या धारेने बाहेर आलं, दुपारपर्यंत ते गढूळ झालं आणि चौथ्या दिवशी नितळ. ताशी चाळीसचा आकडा नोव्हेंबरमध्ये तीनवर आला.

नेरिस मात्र केतकीशी बोलत नव्हत्या. रस्त्यात दिसल्या की मान हलवायच्या, तेवढंच.

फेब्रुवारीत वादळ आलं. हवामान खात्याने तीन दिवसांचा पाऊस सांगितला होता, महिन्याभराचा तीन दिवसांत. गावाने आधीच ठरवलेलं होतं: वादळात आकडा झपाट्याने चढू शकतो, म्हणून जूनमधल्या चाळीसची वाट न पाहता तो पंचवीसवर गेला की भोंगा वाजेल आणि दोन्ही गल्ल्या रिकाम्या होतील, घसरण व्हायला त्यानंतरही निदान दहा तास असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी कौन्सिलच्या अधिकाऱ्याचा फोन आला. "मिस रेगे, लोकांना आत्ताच बाहेर काढू का? मला हो किंवा नाही सांगा."

पडद्यावर आकडा नऊ होता.

गेली कित्येक वर्षं ती लोकांना सांगत आली होती की माझ्या यंत्रावर विश्वास ठेवा. आज तोच विश्वास ठेवायची पाळी तिच्यावर आली होती. तिने भोकांतून येणाऱ्या पाण्याची मापं पाहिली. पाणी धो धो वाहत होतं, पण बाहेर.

"ज्यांना जायचंय त्यांना जाऊ द्या, मोटारी तयार ठेवा," ती म्हणाली. "पण माझं उत्तर नाही. ढिगारा उभा राहील."

मग लॅपटॉप काखोटीला मारून ती पावसातून चालत पहिल्या गल्लीत गेली आणि निळं दार वाजवलं. दार नेरिसनी उघडलं.

"मी आज इथे बसू का?" केतकीने विचारलं. "उभा राहील म्हणून सांगितलंय सगळ्यांना. ते तुमच्यापासून लांब बसून सांगणं बरं नाही."

नेरिसनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या निथळणाऱ्या कोटाकडे. "पाय पूस," त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडा राहिला. दहा. अकरा. एमरिस दर तासाला भोकं पाहून येत आणि परत जात. नेरिसनी चहा केला, मग बटाट्याचं सूप केलं. दुपारी दोनला आकडा चौदा झाला, तेव्हा त्यांनी हातातला डाव खाली ठेवला.

"पंचवीसला ना?"

"पंचवीसला."

"तुला भीती वाटतेय?"

"हो," केतकी म्हणाली. "पण आकड्यावर माझा विश्वास भीतीपेक्षा जास्त आहे."

तीनला चौदा. चारला चौदा. पाऊस तसाच कोसळत होता, पण वर डोंगरात जेवढं पाणी शिरत होतं तेवढंच बाहेर येत होतं. पाचला तेरा. एमरिस आत आले, चिखलाच्या बुटांसकट थेट टेबलापर्यंत, आणि नेरिस त्यांना ओरडल्या नाहीत. सहाला अकरा झाला तेव्हा केतकीच्या लक्षात आलं की आपण दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून बसलोय. तिने ती सोडली. बोटं दुखत होती.

तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला. पलीकडच्या खोऱ्यात, तार नसलेला एक ढिगारा रस्त्यावर आला होता. सुदैवाने रस्ता बंद होता. कुमहेलिगच्या हिरव्या उतारावर मात्र एक मेंढीसुद्धा जागची हलली नव्हती. दुपारी इमोजेन व्हाइटलॉंचा फोन आला. त्यांच्या गटाला आपल्या खर्चाने चाळीस ढिगाऱ्यांचं पाणी काढून हवं होतं. नुकसानभरपाईपेक्षा ते स्वस्त पडत होतं.

"आकडे त्याच दिवशी सगळ्यांना कळतील," केतकी म्हणाली.

"ते मी गृहीत धरलंय," इमोजेन म्हणाल्या. त्यांच्या आवाजात हसू होतं.

तो फोन ठेवते न ठेवते तोच दुसरा वाजला, मग शाळेतल्या त्या खोलीतले सगळेच एकदम वाजू लागले. वादळाने घाबरलेली गावं होती. केतकीच्या दोन्ही कानांना दोन फोन लागलेले, एमरिस डोंगरावर, बाकीची माणसं तारा तपासायला गेलेली. सकाळी पाठवलेल्या सूपचं रिकामं भांडं परत न्यायला नेरिस दारात आल्या होत्या. टेबलावरचा तिसरा फोन वाजत राहिला. त्यांनी तो थोडा वेळ वाजू दिला, मग भांडं खाली ठेवून खुर्ची ओढली, पेन घेतलं आणि टपाल कचेरीतल्या तीस वर्षांच्या सवयीने रिसीव्हर खांद्यात धरला.

"कानोसा," नेरिस म्हणाल्या. उच्चार अगदी शुद्ध होता. "रडू नका बाई, आम्ही आहोत. सावकाश सांगा. आधी गावाचं नाव, मग तुमचं."